चिलुंबाच्या माद्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माहेरी नाही, शेजारीपाजारी नाही, आणि जिला सांगायला पाहिजे होतं तिला तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — म्हणून कदाचित जमेल. याआधी दोनदा लिहायला बसले, आणि दोन्ही वेळा पाण्याबद्दलच लिहीत राहिले. पुढं सरकेनाच.

मग पाण्यापासूनच सुरू करते.

धाराशिवला बोअरचं पाणी जड. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, पातेल्याला आतून पांढरा थर धरतो, केसांचा झाडू होतो. सगळे त्या पाण्याला शिव्या देतात. पण आफ्रिकेत मलावी नावाचं एक समुद्राएवढं तळं आहे म्हणे, आणि त्यातल्या माशांना असंच पाणी लागतं. गोड पाण्यात ते मलूल पडतात. हे मला शमीमआपांनी सांगितलं. आपा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई. लग्न केलं नाही, भाऊ हैदराबादला. घराच्या गच्चीवर त्यांनी सिमेंटचे हौद बांधून घेतले होते, वर हिरवी जाळी, आणि त्या हौदांत हे तळ्यातले मासे. पिल्लं व्हायची, पुण्या-सोलापूरचे शौकीन लोक घेऊन जायचे.

मी भंडाऱ्याकडची, मासे धरणाऱ्या ढीवराच्या घरातली. सातवीत शाळा सुटली. नवरा रस्त्याच्या कामावर होता, त्या कॅम्पबरोबर इकडं आले. काम पुढं सरकलं, कर्नाटकात गेलं, तोही कामाबरोबर पुढं सरकला. येतो म्हणाला होता. मी तापानं फणफणलेली — आपांनी मला जिन्याखालच्या खोलीत आणून ठेवलं, दवाखाना केला, बरी झाल्यावर ‘जा’ म्हणाल्या नाहीत. तेवढंच. ‘जा’ म्हणाल्या नाहीत. त्या एका न म्हटलेल्या शब्दावर मी इतकी वर्षं राहिले आहे. उपकाराखाली झोप चांगली लागते, पण कूस बदलायची भीती वाटते. तुम्हाला कधी असं झालंय?

मासे मला खायचे माहीत होते. आपांनी मला माशांची नावं शिकवली. अक्षरं पुन्हा गिरवून घेतली, मग हौदांवर ऑइलपेंटनं नावं लिहायचं काम माझ्याकडं दिलं. आणि नाव म्हणजे काय, नुसतं ‘निळा मासा’ चालायचं नाही. पहिला शब्द खानदानाचा — औलोनोकारा वगैरे, जीभ वळायलाच महिना लागला. दुसरा त्या जातीचा. आणि तिसरं असायचं गाव. तळ्याच्या काठावरचं ज्या गावापाशी तो मासा पहिल्यांदा धरला, ते गाव. कारण एकच जात या काठाला निळी असते अन् त्या काठाला पिवळी. मधे खोल पाणी, ते ओलांडून हे मासे जात नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या खडकाला धरून.

“आपल्यात न्हाय का,” आपा म्हणायच्या, “अणदूरकर, जळकोटकर? तसंच. गाव काढून घेतलं की माणूस अर्धा.”

मी मान हलवायचे. माझ्या नावात गाव नव्हतं.

तर — त्या एका जातीचे आमच्याकडं दोन गावांचे होते. उसिस्या अन् चिलुंबा. उसिस्याचा नर पिवळाधमक, तोंड निळं. चिलुंबाचा नर निळा आणि खांद्याशी तांबूस, जसा गंज चढलाय. नर ओळखायला आंधळाही चालेल. माद्या मात्र सारख्या. राखाडी, अंगावर पुसट पट्टे, दोन्ही गावच्या शेजारी धरल्या तर फरक सांगता यायचा नाही. नरालाही कळत नाही — समोर आलेल्या कुठल्याही मादीपुढं तो नाचतो. म्हणून सगळा भार ठेवणाऱ्यावर. हौद वेगळे, जाळ्या वेगळ्या, जाळीच्या दांडीला रंगीत दोरा. माझ्याआधी कामाला होती त्या बाईला आपांनी एकाच जाळीनं दोन हौद ढवळताना बघितलं आणि त्याच दिवशी काढून टाकलं. हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. धमकी म्हणून नाही, सहजच. पण मी ते तसं ऐकलं नाही.

आणि शंका आली तर नियम एकच. त्या हौदातले सगळे मासे ‘मिक्स’मध्ये. म्हणजे बिननावाचे, पोरासोरांच्या टाकीसाठी दुकानात मूठभर विकतात ते. “बिननावाचा मासा चालंल मला,” आपा म्हणायच्या, “खोट्या नावाचा न्हाय.”

आता बनसोडेकाकांबद्दल सांगते. सांगायलाच पाहिजे, सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं.

बनसोडेकाका जळकोटचे. एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाल्यावर हा नाद लागला. मांडीवर माशांची पिशवी घेऊन एसटीनं यायचे, ड्रायव्हरला खड्ड्यागणिक ओरडत. गच्चीवर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आपा आणि ते तासन्‌तास भांडायचे — हा मासा खरंच त्या गावचा का, पुस्तकात नाव बदललंय ते मानायचं का. आपांचं हसणं मी फक्त त्या भांडणात ऐकलं. एरवी त्या घरात हसायला होतं कोण? मला बघितलं की काका म्हणायचे, “काय चंदाबाई, आमच्या पावण्यांकडं असं बघू नका. तुमच्या भंडाऱ्यात मासा दिसला की आधी पाटा धूत असतील!” आपा म्हणायच्या, “तिला डोळा आहे साहेब, तुमच्यासारखा चष्मा न्हाय.”

तो डोळा. तोही सांगून टाकते. एकदा आपांनी एक मादी धरली आणि सहज विचारलं, कुठली गं ही? मी म्हटलं, चिलुंबाची. बरोबर निघालं. निघणारच — तिचं शेपूट एका बाजूनं फाटलेलं होतं, ते मी आदल्या दिवशी पाहिलं होतं. हे मी बोलले नाही. आपांना वाटलं, ढीवराची पोर, रक्तातच आहे. ते वाटणं मला इतकं गोड लागलं, की मी ते तसंच राहू दिलं. सगळ्याची सुरुवात कदाचित तिथून असेल. कदाचित नसेलही.

चिलुंबाची जोडी बनसोडेकाकांनीच हैदराबादहून आणली होती. पिल्लं वाढवली, त्यातली निम्मी आपांना दिली. एकाच घरी सगळं ठेवू नये, इकडं काही झालं तर तिकडं राहतील, म्हणून. आपांना त्यांनी आजवर दिलेली ती सगळ्यात मोठी वस्तू असेल. त्या हौदावर नाव लिहिताना दोघं माझ्या मागं उभे राहून बघत होते, बारशाला उभं राहावं तसे.

मग तो उन्हाळा आला.

आपांच्या भावाचं ऑपरेशन होतं, त्या हैदराबादला गेल्या. घराच्या किल्ल्या माझ्याकडं. जाताना म्हणाल्या, “घराला कुलूप नसलं तरी चालंल, हौदांकडं बघ.” तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी गच्चीवर गेले तर पाय भिजले. चिलुंबाच्या हौदाला तडा गेला होता. पाणी घोट्याएवढं राहिलेलं, मासे आडवे पडून फडफडत होते. मी जाळी उचलली — कुठल्या रंगाच्या दोऱ्याची, देव जाणे — आणि भराभरा सगळे उचलून शेजारच्या हौदात टाकले. नर, माद्या, सगळे. शेजारी उसिस्याच्या माद्या होत्या. त्यांचा नर त्याच महिन्यात मेला होता, दुसरा मिळेपर्यंत त्या नुसत्या ठेवलेल्या.

मासे वाचले. एकही मेला नाही. मी खाली बसले, आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय केलंय.

इथपर्यंत माझी चूक नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणते. मरत होते, उचलले. आपांनीसुद्धा हेच म्हटलं असतं. एक फोन करायचा होता — आपा, हौद फुटला, दोन्ही एकत्र झाले. आपा म्हणाल्या असत्या, जाऊ दे, सगळे मिक्समध्ये टाक. आणि काकांकडची निम्मी होतीच की शाबूत! त्यासाठीच तर ती वाटणी केली होती. काहीच बिघडलं नसतं. काहीच नाही. हे मला त्या दिवशीही कळत होतं.

फोन हातात होता. मला ती काढून टाकलेली बाई दिसली, जिला मी कधी बघितलंही नव्हतं. हातात पिशवी घेऊन रस्त्यानं चाललेली. फोन मी ठेवून दिला.

गवंड्याला बोलावून तडा बुजवून घेतला, हौद भरला. मग पांढऱ्या टबात सगळ्या माद्या घेतल्या आणि तापलेल्या गच्चीवर त्यांच्यापुढं बसले. वेगळ्या करायला. डोळा होता ना मला! माझा बाप नदीचा मासा आणि तलावाचा मासा नुसत्या नजरेनं वेगळा काढायचा. मीही काढीन, वाटलं. हिचं तोंड लांबट — चिलुंबा. हिचं पोट फिकं — उसिस्या. ही? ही... चिलुंबा. फाटक्या शेपटाची असती तर निदान एक तरी खरी ओळखली असती, ती आधीच मेली होती. टबातून त्या सगळ्या माझ्याकडं वर बघत होत्या, सारख्याच तोंडानं. मी त्यांना गावं वाटली. ज्यांची होती त्यांचीच दिली की नाही, मला आजही माहीत नाही. आणि वाटून झाल्यावर मला बरं वाटलं. हेच मला सगळ्यात लागतं — मला बरं वाटलं, वाटलं की जमलं.

आपा परत आल्या. बुजवलेला तडा बघितला, मासे बघितले. “बाजूला कशात ठेवलं होतंस?” म्हणाल्या. टबात, म्हटलं. वेगळ्या टबात. “शाबास गं माझी बाई.” हैदराबादहून माझ्यासाठी बांगड्या आणल्या होत्या, खड्यांच्या. स्वतःच्या हातानं चढवल्या.

उसिस्याचा नवा नर शेवटपर्यंत मिळाला नाही. त्या हौदातल्या माद्या तशाच म्हाताऱ्या होऊन गेल्या. चिलुंबाच्या हौदात मात्र पिल्लं होत राहिली. या माद्या अंडी तोंडात धरतात, पिल्लं पोहती होईपर्यंत काही खात नाहीत, गाल फुगवून कोपऱ्यात उभ्या राहतात. मी त्यांची तोंडं अलगद उघडून पिल्लं काढून घ्यायचे, आणि प्रत्येक वेळी मनात यायचं — कुणाची आहेस तू? पिल्लं लहानपणी सगळी राखाडीच. रंग वर्षभरानं येतो. तोवर ती पुण्याला गेलेली असायची, चिलुंबा म्हणून.

मग एक दिवस मोबाईलवरच्या मासेवाल्यांच्या ग्रुपवर पुण्याच्या एकानं फोटो टाकला. आपांकडून घेतलेला नर, मोठा झालेला. निळा नाही, पिवळा नाही, मधलंच काहीतरी, शेवाळ लागलेल्या पितळेसारखं. खाली लिहिलं होतं की धाराशिवच्या बाई भेसळीचा माल खपवतात. मग दुसऱ्याचा फोटो. तिसऱ्याचा. आपा खुर्चीवर बसून बघत राहिल्या. आयुष्यभर शाळेत हजेरी घेतलेली बाई — नाव चुकीचं घेणं म्हणजे त्यांना किती लागतं, हे तुम्हाला सांगून कळायचं नाही.

आपांनी मला विचारलंच नाही. विचारलं असतं तर? सांगितलं असतं का मी? मी स्वतःला पुष्कळदा सांगते की सांगितलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांच्या मनात ते आलंच नाही. आपल्या घरात चूक होणार नाही, चंदा आहे. मग चूक आली कुठून? जिथून मासे आले तिथून.

बनसोडेकाकांना बोलावून घेतलं. ते त्या दिवशी पिशवी न घेता आले. खुर्च्या त्याच होत्या.

“तुम्ही मला भेसळ दिलीत, साहेब.”

“आपा, माझ्याकडं तर एकूण एक नीट निघालेत.”

“निघालेत की तुम्हाला तसे दिसतात?”

काका हसायला गेले, पण आपांचं तोंड बघून थांबले. “आता तुम्हीच असं म्हणता म्हटल्यावर...” एवढंच बोलले. नेहमीसारखं भांडले असते तर! मी जिन्यात जाळ्या धूत होते, सगळं ऐकू येत होतं. ते खाली उतरले आणि माझ्यापाशी थांबले. आवाज अगदी हळू केला, जणू मलाच लागेल म्हणून.

“चंदाबाई, राग मानू नका. तुमच्या हौदात कधी सरमिसळ तर नाही ना झाली? चुकून?”

हाच तो क्षण. मी इतकी पानं त्याच्याभोवती फिरते आहे, तो हाच. जिन्यात दोघंच होतो. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं — ‘चुकून’ म्हणाले होते. मला फक्त हो म्हणायचं होतं. ते आपांना सांगताना माझ्या बाजूनं उभे राहिले असते, हेही मला माहीत होतं.

मी म्हटलं, “नाही काका. जाळीसुद्धा वेगळी असते आमची.”

आणि हातातली जाळी वर करून दोरा दाखवला. तो हात माझा होता. घाबरून तोंडून निघून गेलं म्हणता येईल, पण हात? हात तर मी विचार करून वर केला.

काकांनी त्या दोऱ्याकडं बघितलं. “मग माझंच असणार,” म्हणाले. “म्हातारपणी डोळ्यांचा काय भरवसा.” आणि चप्पल घालून गेले.

पुढच्याच आठवड्यात मी काही आणायला बसस्टँडकडं गेले होते. तिथल्या माशांच्या दुकानात बाहेर मोठा टब मांडलेला, मिक्स आफ्रिकन. त्यात मी त्यांना बघितलं. निळे, खांद्याशी तांबूस — पुस्तकातल्यासारखे, एकही डाग नसलेले. बनसोडेकाकांचे चिलुंबा. दुकानदार म्हणाला, जळकोटचे एक काका सगळे हौद रिकामे करून देऊन गेले, पैसेसुद्धा घेतले नाहीत. नर दिसत होते. माद्या त्या ढिगात कुठल्या, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. एक पोरगं हट्ट करत होतं, त्याला तो निळा पाहिजे होता. मी तिथं उभी राहिले, उभी राहिले, आणि निघून आले.

आपांच्या हौदातलेही मिक्समध्ये गेले. त्या नावाचा मासा आता आमच्या बाजूला कुणाकडंच नाही. हौद रिकामा आहे, नाव मात्र अजून आहे, माझ्याच अक्षरातलं. आपा पुसू देत नाहीत. कुणी मासे बघायला आलं की तिथं उभं करून सांगतात — “माझा एक चांगला मित्र होता, पण नजर कच्ची. दिलेल्या माशावर कधी भरवसा ठेवू नका. माणूस पाहिजे तर हिच्यासारखा.” आणि माझ्याकडं बोट करतात. लोक माझ्याकडं बघतात. मी चहा ठेवायला जाते. काका पुन्हा आले नाहीत. आपांनी दुसरी खुर्ची आत नेऊन ठेवली, तिच्यावर धुतलेले कपडे पडतात.

दुसऱ्या हौदांतल्या माद्या, वेगळ्या जातीच्या, वेगळ्या गावच्या, मी खाणं टाकायला वाकले की वर येतात. सगळ्या राखाडी. मी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही आता. नुसतं खाणं टाकते.

बनसोडेकाका गेल्या हिवाळ्यात वारले. आम्हाला महिनाभरानं कळलं. आणि मग एका सकाळी त्यांची मुलगी आली, सुजाता. सोलापूरला नर्स आहे. बाहेर चप्पल काढून आपांच्या पाया पडायला वाकली, आपांनी तिला अर्ध्यातच धरलं.

ती म्हणाली, “बाबांनी सांगितलं होतं, आपांची माफी मागून ये. त्यांना स्वतःला यायचं धाडस न्हाय झालं. म्हणायचे, माझ्यामुळं आपांचं नाव गेलं.”

आपा रडल्या. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “कवाच माफ केलं गं. त्याच दिवशी केलं होतं. माणूस सोन्यासारखा होता, फसला बिचारा.”

मी दारात होते, चहाचा ट्रे घेऊन.

सुजातानं माझ्याकडं बघितलं. “चंदामावशी ना तुम्ही? बाबा तुमचं नाव लई घ्यायचे. म्हणायचे, त्या बाईच्या हातनं चूक व्हायची न्हाय.”

मी ट्रे खाली ठेवला. साखर कमी तर नाही ना, असं काहीतरी विचारलं.

निघताना आपा म्हणाल्या, चंदा, पोरीला चौकापर्यंत सोडून ये. आम्ही दोघी चालत गेलो. ती वडिलांबद्दल बोलत होती — शेवटी शेवटी रिकाम्या टाकीपुढं बसून असायचे म्हणे. माफी मिळाली म्हणून तिचा चेहरा हलका झाला होता. रस्ता लांब होता, आम्ही दोघीच होतो, आणि ती मधेमधे थांबून माझ्याकडं बघत होती, मी काही बोलेन म्हणून.

समोरून रिक्षा आली. तिनं हात केला नव्हता. मी केला.

“येते मावशी,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “ये.”